साडेसात बाय सहाचं रान

वऱ्हाडातलं आणि खानदेशातलं जे जे म्हणून चवीचं सांगितलं जातं, ते बहुतेक सगळं घराबाहेर जन्मलेलं आहे. रोडगे शेतात, गोवऱ्यांच्या आरावर. भरीत विहिरीच्या थारोळ्याशी, पऱ्हाटीच्या जाळावर. पानगे पळसाच्या पानांत दाबून विस्तवात. हुरडा तर कणीस जिथं उभं होतं तिथंच, आगटीत. खापरावरच्या मांड्यांना अंगण लागतं, बिबड्यांना गच्ची, कुरडयांना चैत्र-वैशाखाचं ऊन, आणि या सगळ्यांना मिळून लागतात माणसं : जाळ घालणारा एक, उलटवणारा एक, काठीनं राख सारणारा एक आणि काहीही न करता ‘अजून झालं नाही का’ विचारणारे निदान चार. ज्या कुणी हे पदार्थ काढले, त्यांनी आपल्या चारी बाजूंना कधीकाळी भिंती येतील हे धरलेलंच नव्हतं. आणि आम्ही मलकापुरात हे सगळं ज्या खोलीत करतो, ती बिल्डरच्या नकाशावर साडेसात फूट बाय सहा फूट आहे.

नकाशात ती मोठी देखणी दिसते. शेगडीच्या जागी चार वर्तुळं, सिंकच्या जागी गोल कोपऱ्यांचा चौकोन, खिडकीच्या जागी तीन समांतर रेघा. माणूस मात्र कुठंच काढलेला नाही. काढला असता तर तो कागदावरच ओट्याला घासला असता आणि घोटाळा तेव्हाच लक्षात आला असता. आमच्या घरात फ्रिज बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी उभा आहे. त्यामुळे पाहुण्याला चहा विचारताना घरात दूध आहे की नाही हे पाहुण्यासमक्षच तपासावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्यांना आमच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज दुधाच्या पातेल्यावरून येत असावा. स्वयंपाकघराचं दार आम्ही पहिल्याच वर्षी काढून टाकलं, कारण ते आत उघडलं की आतल्या माणसाला बाहेर यावं लागे. खालचं कपाट उघडायचं तर शेगडीपाशी उभ्या असणारानं उजवा पाय उचलायचा, ही शिस्त घरातल्या लहानथोरांच्या इतकी अंगी बाणली आहे की लग्नकार्यात दुसऱ्याच्या ऐसपैस स्वयंपाकघरातसुद्धा कपाटाचा आवाज झाला की आमचे पाय आपोआप उचलले जातात. लोक चमकून बघतात.

आत एका वेळी एकच माणूस, हा इथला कायदा. मलकापूर रुळाकाठचं गाव, त्यामुळे हा कायदा आम्हाला कुणी शिकवावा लागला नाही. एकेरी रुळांच्या काळात ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडीला पुढच्या टप्प्यात शिरता येत नसे. आमच्याकडे ते टोकन म्हणजे सांडशी. सांडशी जिच्या हातात, ओटा तिचा. बाकीच्यांनी चौकटीत उभं राहायचं आणि तिथूनच काय ती मतं द्यायची. मत द्यायला जागा लागत नाही, म्हणून ती भरपूर येतात.

सर्वांत जास्त येतात ती सासूबाईंची. त्या पूर्णाकाठच्या लेवा पाटलांच्या घरातल्या, मी अकोल्याकडची. भुसावळहून निघालेली गाडी बोदवड मागं टाकून मलकापूरला येते तेव्हा ती खानदेश सोडून वऱ्हाडात शिरलेली असते. 1867 साली हा मार्ग थेट नागपुरापर्यंत पोचला तेव्हा इथं नुसती जिल्ह्याची नव्हे, प्रांताची हद्द होती : पश्चिमेला मुंबई इलाखा, पूर्वेला वऱ्हाड. पुढं इलाखे गेले, प्रांत गेले, 1960 साली सगळा मिळून महाराष्ट्र झाला, पण ती हद्द काही पुरती पुसली गेली नाही. कुठं गेली म्हणाल तर आमच्या ओट्यावर आली. शेगडीची डावी बाजू साधारण खानदेश, उजवी वऱ्हाड, आणि मधल्या भागात, जिथं लायटर ठेवतो, तिथं तह झालेला आहे.

वाद असतो तो रोडगा आणि बट्टी यांच्यात. वरवर पाहता दोन्ही गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, दोन्ही वरणात कुस्करून वर तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी. बाहेरचा माणूस म्हणेल, मग भांडता कशाला? तर रोडगा हा विस्तवाचा. त्याला गोवऱ्यांच्या आरात पुरायचा, राख झटकायची, फोडला की आतून वाफ आली पाहिजे. सासूबाईंची बट्टी आधी वाफवतात किंवा उकळत्या पाण्यात सोडतात, मग सुरीनं कापतात आणि तळतात. माझ्या माहेरी उकडलेल्या बट्टीला आजारी माणसाचं खाणं समजतील. सासूबाईंच्या माहेरी राखेतून काढलेल्या गोळ्याला काय समजतात हे त्या माझ्यासमोर बोलत नाहीत, फक्त माझ्या रोडग्यावर फुंकर मारून मग खातात. राख नसते. असणार कुठून? आमच्याकडे दोन्ही पदार्थ त्याच एका अ‍ॅल्युमिनियमच्या गॅस तंदुरात होतात, म्हणजे दोघींचाही पराभव सारखाच.

पण सासूबाईंनी हार मानलेली नाही. फडताळाच्या वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे, त्यावर ‘चिवडा’ लिहिलेलं आहे, आणि आत गावाहून आणलेल्या गोवरीचे तुकडे आहेत. वरण-रोडगे झाले की त्या एक तुकडा चिमट्यात धरून गॅसवर पेटवतात, वाटीत ठेवतात, वाटी डाळीच्या गंजात तरंगत सोडतात, वर चमचाभर तूप टाकतात आणि झटकन झाकण. त्या पाच मिनिटांत कुणी झाकणाला हात लावायचा नाही. झाकण निघतं तेव्हा साडेसात बाय सहाच्या खोलीत क्षणभर बैल येऊन उभे राहिल्यासारखं वाटतं. शेजारची मुलं मात्र या डब्याला अजून बिचकतात. त्यातल्या एकानं दिवाळीत तो आपल्या हातानं उघडला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो पुढं कितीतरी दिवस आमच्या घरच्या सगळ्याच फराळाकडे बघताना कायम राहिला.

डाळीचा विषय निघालाच आहे तर पाण्याचंही सांगायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा असा खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीला पाणी लागलं म्हणून पेढे वाटायच्या आधी माणूस ओंजळभर तोंडात घेऊन बघतो. आमचं बोअरचं पाणीही जड. जड पाण्यात डाळ शिजत नाही. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम दाण्याच्या पेशींना असं काही आवळून धरतं की तूरडाळ पातेल्यात दोन तास उकळत ठेवली तरी दाणा न् दाणा आपलं वेगळं अस्तित्व राखून असतो. सासूबाईंच्या आई डाळीसाठी नदीचं पाणी वेगळं भरून ठेवायच्या म्हणे, आणि ते पिण्यासाठी मागणाऱ्या पाहुण्याला विहिरीचं द्यायच्या. मान डाळीचा. आमच्याकडे कुकर आहे, चिमूटभर सोडा आहे आणि नळाला पाणी येण्याचा दिवस आहे. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरात डाळ लागते. सकाळी साडेनऊच्या सुमाराला सगळ्या खिडक्यांतून शिट्ट्या सुरू होतात, आणि आपली तिसरी झाली की शेजारची दुसरी, हा हिशेब ठेवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. सासूबाई तो ठेवतात. पलंगावर बसून, जपमाळ न थांबवता सांगतात, “आपली झाली वं. हे चवथी त्याहीची व्हती.”

मांड्यांचा प्रश्न मात्र कुकरनं सुटत नाही. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी आली की सासूबाईंच्या अंगात त्यांचं माहेर येतं. खापराची पुरणपोळी पोळपाटावर लाटून संपत नाही. पुरण भरून थोडी लाटायची, मग उचलून हातांवर घ्यायची आणि या तळव्यावरून त्या तळव्यावर, मनगटावरून कोपरापर्यंत झुलवत झुलवत ती आपल्याच वजनानं वाढू द्यायची. पातळ होता होता ती बाईच्या दोन्ही हातांवर उपरण्यासारखी लोंबायला लागते, आणि मग एका हिसक्यात चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर जाऊन पडते. बघणाऱ्याला वाटतं, आत्ता फाटली. फाटत नाही. माझ्याकडे कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आहे, सासरी येताना आईनं दिलेलं. 1970 साली निघालेल्या त्या पुस्तकानं वाटी-चमच्याच्या मापावर महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना स्वयंपाक शिकवला. पण मांड्याला जे माप लागतं ते वाटीचं नव्हे, कोपराचं. दोन्ही हात फाकवून बाई उभी राहिली की पाच फूट तिथंच जातात. उरलेल्या एका फुटात परात, पुरणाचं पातेलं आणि सून बसवावी लागते.

एका आखाजीला त्यांनी ओट्यापाशी उभं राहून प्रयत्न केला. पहिल्या झोक्याला डावं कोपर मसाल्याच्या डब्याच्या फळीला लागलं, दुसऱ्या झोक्याला उजवं भिंतीला. त्या थांबल्या. मांडा हातांवर तसाच. मग त्या बाजूला वळल्या, आडव्या खोलीत तिरक्या उभ्या राहिल्या आणि कोनातून कोनाकडे झुलवायला लागल्या. चौकोनात सर्वांत लांब अंतर तिरकं असतं हे मी शाळेत पायथागोरसाच्या नावानं शिकले होते. सासूबाईंची शाळा चौथीतच सुटली होती. मांडा झाला, फारच चांगला झाला, पण तो खापरापर्यंत न्यायला वाट नव्हती, कारण वाटेत मी होते. “तू व्हय बाहीर,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून आखाजीला मी चौकटीत असते आणि मतं देण्याची पाळी माझी. मी देत नाही. आमरस मात्र तिथं उभ्या उभ्या निम्मा चाखून होतो.

भरताची गोष्ट सगळ्यांत लांबची. कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उपटून बांधावर रचली की आमच्या मुलखात माणसं एकमेकांना शेतात बोलवायला लागतात. जळगावकडची हिरवट-पांढुरकी, लांबट, बी कमी असलेली वांगी; त्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, आणि बामणोदचं नाव घेतलं की बाजारात भाव विचारणारा गप्प बसतो. पऱ्हाटीचा जाळ तडतडतो, झपाट्यानं चढतो आणि तितक्याच झपाट्यानं उतरतो. वांग्याला नेमका तेवढाच वेळ लागतो. वरची साल कोळसा, आतला गर लोण्याहून मऊ. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि तो गर घालून मुसळीनं ठेचायचा, कांद्याची पात, खोबऱ्याचे काप, फल्लीदाणे, वरून तेलाची फोडणी आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी. हे सगळं करायला एक एकर पुरतं.

आमच्याकडे दोन बर्नर आहेत. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी त्यांवर लोखंडी जाळी ठेवून वांगी लावली की सासूबाई चौकटीत खुर्ची टाकून बसतात. “हा कायचा जाळ वं? हा त दिवा हाय,” हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, “पाय, जयलं थे!” तोवर सालीचे काळे पापुद्रे बर्नरच्या भोकांत शिरलेले असतात, ज्योत पिवळी झालेली असते, आणि धूर आपला रस्ता शोधत डक्टमधून वर-खाली निघालेला असतो. डक्ट ही वस्तू बिल्डरनं हवेसाठी ठेवली. आम्ही तिचा उपयोग बातम्यांसाठी करतो. कुणाकडे शेवभाजीचा मसाला भाजला, कुणाकडे मेथीचे लाडू वळताहेत, कुणाच्या सुनेनं दूध उतू घातलं, सगळं तिच्यातून कळतं. वांग्याचा धूर गेला की तिसऱ्या मजल्यावरून हाक येते, “काकू, भरीत काय?” ही हाक म्हणजे चौकशी नव्हे, नोंदणी असते.

बडगी ओट्यावर मावत नाही. ती बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रावर ठेवायची आणि ठेचायचं काम ह्यांच्याकडे. हे बँकेतून निवृत्त झालेले; नोटा मोजताना हात चालायचा त्याच लयीत मुसळी चालते, शंभरेक ठोके झाले की आपसूक थांबते. पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. छतातून धपधप कसला आवाज येतो, काही फोडताय का, असं त्यांना अत्यंत सभ्य शब्दांत विचारायचं होतं. दार उघडलं, वास आत-बाहेर झाला, आणि ते जे विचारायला आले होते ते विचारलंच नाही. आता ते बडगीचा आवाज झाला की स्वतःच्या घरची कांद्याची पात निवडून घेऊनच वर येतात. मग डबे निघतात. तिसऱ्या मजल्याचा, खालचा, समोरचा. दोन किलो वांग्यांचं भरीत घरात शेवटी इतकं थोडं उरतं की आम्ही तिघं बडगी पुसून खातो, आणि खरं सांगायचं तर बडगीला चिकटलेलंच जास्त चांगलं लागतं.

मुलगा पुण्यात असतो. तिघा मित्रांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर म्हणून वेगळी खोली नाहीच; हॉलच्या एका भिंतीला ओटा नावाची फळी आहे आणि तिच्यावर इंडक्शन. आमची जागा त्याला आता राजवाड्यासारखी वाटते म्हणे. गेल्या हिवाळ्यात महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाजवळ मी त्याच्यासाठी वांगी आणि कळण्याचं पीठ दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. इंडक्शनच्या काळ्या काचेवर एक वांगं आडवं ठेवलेलं होतं आणि तिन्ही मुलं त्याच्याकडे बघत उभी होती. यंत्र नुसतंच टुकटुक करत होतं. त्याला लोखंडी तळाचं भांडं हवं होतं आणि वांग्याची त्याच्याकडे कुठं नोंदच नव्हती. सासूबाईंनी माझ्या हातून फोन घेतला.

“जाळ कुठी हाय रे?”

“आजी, यात जाळ नसतो.”

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. ज्याच्यात जाळ नसतो त्याच्यावर आपला नातू दीड वर्ष जगतो आहे, ही गोष्ट त्यांना आमच्यापैकी कुणीच सांगितलेली नव्हती.

शेवटी मुलांनी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथल्या काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्याकडे गॅस होता, शिवाय भाजणाऱ्याला पाय उचलावा लागत नाही इतकी जागा होती. असलं हिरवं वांगं त्यांनी पाहिलेलं नव्हतं; त्यांना ते कच्चं वाटलं. मग फोन मुलाकडून काकूंकडे गेला, इकडे तो सासूबाईंकडे होताच, आणि त्या दोघींची जी चर्चा सुरू झाली तिच्यात आम्ही कुणीच नव्हतो. मिरच्या वांग्यांसंगच भाजा. तेल लावा बाहेरून. टोचा, नाहीतर फुटते. काकू एकीकडे “हो हो” म्हणत होत्या आणि दुसरीकडे हळूच मुलाला विचारत होत्या की ओलं खोबरं चालेल ना. सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण हे ऐकू आलं. वाळलेलंच, त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून त्यांनी, कुणालाही सहसा देत नाहीत अशी सवलत दिली : “तुमच्या इकडं जसं असल तसं टाका बापा.” बडगी नव्हती म्हणून पोरांनी पातेल्यात रवीनं घोटलं. त्याबद्दल सासूबाई आठवडाभर काही बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी फोन वाजला तो थेट त्यांच्यासाठी. काकूंना कळण्याचं प्रमाण हवं होतं. पुण्यातल्या गिरणीवाल्याला ज्वारीत उडीद दळून द्या म्हटल्यावर तो हसला होता. सासूबाईंनी प्रमाण सांगितलं नाही. पीठच पाठवते म्हणाल्या. आता महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाणाऱ्या पिशव्या दोन झाल्या आहेत. एकीवर त्या माझ्याकडून स्केचपेननं ‘काकू’ असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतात. भरताना मी चौकटीत उभी असते, सांडशी त्यांच्या कमरेला खोचलेली असते, आणि त्या पिशवीत पीठ ओंजळभर तरी जास्त पडतं हे मला स्पष्ट दिसतं. मुलाला मी हे कळवलेलं नाही.